दोरीवरचं जास्तीचं बनियन

आमच्या मावशीने काकांना पिळून दोरीवर वाळत टाकलं. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

आणि असं काहीही घडलेलं नाही. मावशी तसंच सांगते, म्हणून आपणही तसंच धरून चालू.

घडलं ते एवढंच. ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे साडेतीन. गच्चीवर पाय ठेववत नव्हता असं ऊन. आणि पाच मिनिटांत काळंकुट्ट आभाळ... धो धो पाऊस.

त्यांच्या इमारतीत एक रीत होती. पाऊस आला की जो घरी असेल त्याने गच्चीवरचे सगळ्यांचे कपडे गोळा करायचे आणि जिन्यात बसून अंदाजाने वाटायचे.

मावशीने वाटले. एक बनियन उरलं.

पिवळट. ओलं.

आणि... कोमट.

"उन्हात होतं," असं स्वतःलाच समजावून तिने ते काकांच्या ढिगात टाकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते घातलं.

"अहो, तुंबलेल्या मोरीसारखा वास येतोय तुम्हाला!"

"येऊ दे. काय गारेगार वाटतंय!"

त्यांनी ते पुन्हा काढलंच नाही.

बनियन वाळेना. उलट पाऊस यायच्या बरोबर दहा मिनिटं आधी ते गळू लागायचं. कोरड्या फरशीवर...

टप्.

टप्.

शेजारी खूश. जिन्यातून हाका यायच्या, "काका, धुणं टाकू का वाळत?"

काका छाती चाचपायचे. "बिनधास्त टाका! गळायला लागलं की हाक मारतो!"

एकदाही चुकले नाहीत.

मावशीला मात्र घास जाईना. काका उठले की खुर्चीवर बुळबुळीत डाग असायचा. डागात केस. पांढरे, हातभर लांब.

काकांना टक्कल आहे.

शनिवारी सकाळी तिने दाराला कडी घातली. "काढा ते."

"राहू दे ना गं. लोकांची सोय होतेय."

"लोकांची सोय गेली खड्ड्यात! मला माझा माणूस कोरडा हवाय!"

तिने कात्रीने खांद्यावरची पट्टी कापली.

"आई गं!"

काकांचे ओठ हललेच नव्हते. आवाज आला... पोटापासून. कापडातून. आणि तो काकांचा नव्हता.

तिने कापड उचललं. खाली छाती नव्हती. ओलं कापड होतं. त्याखाली आणखी ओलं कापड... बुरशी आलेलं, कोमट, हळूहळू वरखाली होणारं.

मावशी तिथेच भडाभडा ओकली.

"अगं," काका प्रेमाने म्हणाले, "दहा मिनिटांत येतोय. कपडे आण."

बाहेर लख्ख ऊन होतं.

दहाव्या मिनिटाला पाऊस कोसळला.

पुढचं मावशी सांगत नाही. मीही त्यांच्या घरी गेलो की उभ्यानेच बोलतो. जिन्यातल्या सूचनाफलकावर मात्र तिच्या अक्षरातला कागद अजून आहे:

"सदर बनियनच्या मूळ मालकांनी ओळखपत्र दाखवून आपले वस्त्र सकाळी दहा ते पाच या वेळेत घेऊन जावे. मात्र आतील इसम पूर्ववत, सुक्या स्थितीत अर्जदार पत्नीस परत करण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती."