आवाजाची परवानगी

बारावीचा निकाल दुपारी लागला आणि संध्याकाळी चंद्रपूरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर प्रणित बोरकुटेने खुर्च्या मांडल्या. त्याची मुलगी ईरा जिल्ह्यात तिसरी आली होती. वीजकेंद्रातल्या नियंत्रण कक्षातले सहकारी, शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना पेढा देताना तो एकच गोष्ट सांगत होता: माझ्याच आवाजात शिकली पोर.

ते खरंच होतं. ईरा पहिलीत असताना घरात अभ्याससोबती आला होता. कानामागे चिकटवायची छोटी टिकली. ती हाडातून बोलायची, त्यामुळे फक्त ईरालाच ऐकू यायचं; डबीत ठेवली की मात्र मोठ्याने बोलायची. मूल ओळखीचा आवाज लवकर ऐकतं म्हणून आई किंवा वडिलांचा आवाज घेत. प्रणितने तेव्हा कौतुकाने पानंच्या पानं वाचून आपला आवाज भरून दिला होता. पुढचं सगळं सोबतीने शिकून घेतलं. बारावी झाली की तो आपोआप बंद होई. चालूच ठेवायचा, तर ज्याचा आवाज त्याची परवानगी लागे.

केक आला, पण ईरा दिसेना. बायकोने, केतकीने, त्याला खाली पाठवलं.

ईराच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. टिकली डबीत ठेवली होती आणि डबीतून प्रणितचा स्वतःचा आवाज येत होता. तो आवाज हळूच हसला. असं आपण शेवटचे कधी हसलो, हे प्रणितला आठवेना.

"मग सांगून टाक ना एकदा," आवाज म्हणाला.

"नाही रे जमत. तुला सांगितलं की झालं," ईरा म्हणाली.

प्रणित दारातच थबकला. ईरा त्याला लहानपणापासून 'तुम्ही' म्हणत आली होती.

तिची नजर त्याच्याकडे गेली, तशी ती उठून उभी राहिली. सोबती आज बंद होणार, तुम्ही परवानगी द्याल का, असं तिने विचारलं. आता मोठी झालीस, कशाला हवा तो, असं प्रणित सहज बोलून गेला. मग खाली मान घालून तिने सांगितलं, नववीत वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वर्षभर मधल्या सुट्टीत ती एकटी बसायची आणि याच्याशी बोलत डबा खायची.

प्रणितच्या लेखी नववी म्हणजे तिला विज्ञान प्रदर्शनात पदक मिळालं ते वर्ष. पदकाचा फोटो त्याने सगळ्यांना पाठवला होता.

त्याने डबी उचलली. "काय सांगायचंय तिला मला?"

"ते तिचं आहे," त्याचाच आवाज शांतपणे म्हणाला. "तिलाच विचारा."

किती सावकाश बोलत होता तो! शिफ्टवरून आल्यावर प्रणित विचारायचा ते जेवलीस का, किती मार्क पडले, एवढंच. त्याला राग आला, आणि नेमका कोणाचा ते कळेना. परवानगी नाही म्हटलं की हा कायमचा गप्प होईल. मग ईरा आपल्याकडे येईल. येईल का? की कोणाकडेच जाणार नाही?

"परवानगी आहे," तो म्हणाला.

ईराचा चेहरा उजळला. तिने डबी त्याच्या हातून घेतली आणि तोंडाजवळ नेली.

"ऐकलंस? तू राहणार आहेस."

वरून केतकीने हाक मारली, पाहुणे खोळंबले होते. प्रणितने आत येऊन दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"मला सांगशील?"

ईराने आधी डबीकडे पाहिलं. डबी काहीच बोलली नाही. मग एखाद्या नव्याने ओळख झालेल्या माणसाकडे पाहावं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कुठून सुरू करू, बाबा?"