कपांशेजारची रिकामी जागा

"दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि तरी पेटी गेली," हेडबाई म्हणाल्या. "आता याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा."

घारूताई तेव्हा घडीच्या खुर्चीशी झटापट करत होत्या. वीस वर्षं खासगी तपासाचं काम केलेली बाई. भल्याभल्यांना तिने बोलतं केलं होतं, पण ही खुर्ची काही केल्या तोंड उघडायला तयार नव्हती. नाव त्यांना डोळ्यांवरून पडलं होतं आणि ते घारे डोळे आता खुर्ची सोडून समोरच्या बाईंवर स्थिरावले.

"म्हणजे सुट्टी संपली," शेजारी पाय पसरून बसलेले डॉक्टर पुटपुटले. हे त्यांचे मावसभाऊ. धंद्याने दातांचे डॉक्टर, आवडीने खवय्ये. ताईंबरोबर दोन दिवस झाडाखाली लोळायला म्हणून या कॅम्पात आले होते. मोटारीमागे राहायचे ट्रेलर जोडून लोक इथे मुक्कामाला येत.

"पहिल्यापासून सांगा," घारूताई म्हणाल्या.

हेडबाई निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्यापासून सांगायची सवय होतीच. त्या, त्यांचा मुलगा आणि सून असे तिघे सकाळी आठला निघाले, दुपारी एकला इथे पोचले. वाट डोंगरातली, नुसती वळणं आणि गचके. ट्रेलर नुकताच घेतलेला, त्यामुळे कुठली वस्तू कुठे बसवायची याचा कागदच बाईंनी करून आतल्या भिंतीला चिकटवला होता. पेटी त्यांनी स्वतःच्या हाताने पलंगावरच्या कपाटात ठेवली होती.

"पेटी केवढी?"

"वीतभर रुंद, दीड वीत लांब. लाकडी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. विटेसारखी जड."

"आणि आत?"

"टेपरेकॉर्डर. आणि त्यात एक कॅसेट. माझ्या यजमानांचा आवाज आहे तिच्यात. ते जाऊन चार वर्षं झाली. दुसरी प्रत नाही. संध्याकाळी दार लावून ऐकते मी. माझ्याजवळ त्यांचं एवढंच बोलणं उरलंय हो."

हे शेवटचं वाक्य मुख्याध्यापिकेच्या आवाजातलं नव्हतं.

"संशय कुणाचा?"

"सुनेचा," बाई म्हणाल्या आणि मान वळवली. "मागच्या आठवड्यात म्हणाली, 'आई, रोज ती टेप ऐकता आणि रोज नव्याने रडता. ट्रिपला जाताना पेटी घरीच ठेवूया का?' आज सकाळी कुलूप लावायच्या ऐन वेळी चष्म्याचं घर राहिलं म्हणून ती परत आत गेली. तिच्यामागून मी कुलूप लावलं, ते इथे येऊन उघडलं. मी तिला तोंडावर विचारलं, कुठे टाकलीस. तिने बॅग भरली आणि फाटकापाशी जाऊन बसली. पाचची बस आहे."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते.

"आणखी कुणी आत गेलं होतं सकाळी?"

"माझे धाकटे दीर आले होते निरोप द्यायला. भावोजी आगबोटीवर स्वयंपाकी आहेत. ते आत फिरून गेले, पण त्यांचं नाव घेऊ नका. त्यांच्या सख्ख्या भावाचा आवाज आहे तो. आणि दुपारीच त्यांची बोट सुटली, आता पंधरा दिवस फोन लागायचा नाही."

"शोधलंत कुठे कुठे?"

"गादीखाली, बाकांखाली, न्हाणीत, मोटारीच्या डिकीत. जिथे म्हणून काही सामान भरलं होतं ते सगळं उपसलं."

घारूताईंनी खुर्चीला एक शेवटची लाथ घातली आणि त्या उठल्या.

ट्रेलर आतून आगपेटीएवढा, पण नीटनेटका. प्रत्येक दाराला खिटी, प्रत्येक खणाला आकडा. भिंतीवर बाईंचा टपोऱ्या अक्षरातला कागद होता. घारूताईंनी तो मोठ्याने वाचला. "ताटं, बाकाखाली, मध्ये पंचे. डबे, खालचा खण. पाव, ओव्हन. वरचं कपाट, कप सहा आणि पेटी. पावाला ओव्हन?"

"खणात ठेवला तर डब्यांखाली चेपतो," बाई म्हणाल्या. "ओव्हनचं दार घट्ट बसतं, आणि प्रवासात तो तापवतंय कोण?"

वरचं कपाट उघडलं. पांढरे पातळ चिनी मातीचे सहा कप तीन-तीनच्या दोन रांगांत, एकमेकांना खेटून, डावीकडे उभे होते. उजवीकडे वीतभर जागा मोकळी.

"तुम्ही पेटी नाही म्हणून पाहिलंत, तेव्हा हे असेच होते?"

"जसे सकाळी लावले तसेच. दोन वाजता चहाचं सामान काढायला म्हणून उघडलं मी. हात लावायलाही धीर झाला नाही मग."

"सगळे शाबूत?"

"टवकासुद्धा उडालेला नाही. चोर हलक्या हाताचा असणार."

घारूताईंनी एक कप बोटाने ढकलला. फळी गुळगुळीत होती, कप सरसर सरकत पार भिंतीपर्यंत गेला. त्यांनी तो परत जागेवर आणला.

एवढ्यात मुलगा आत आला. तिशीचा, उंच, दारात डोकं आपटून घेणारा. आई आणि बायको यांच्यामध्ये दुपारभर भरडून निघाल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"चहा विचारला असता, पण गॅस नाही," तो म्हणाला. "सिलिंडर जोडायचा तर कॅम्पचाच माणूस लागतो. तो साडेचारला येतोय. नळी तपासणार, शेगडी, ओव्हन पेटवून बघणार, मग आपल्याला वापरायला देणार. तोवर पाव-लोणी घ्या."

डॉक्टर नको म्हणणाऱ्यांतले नव्हते. मुलाने टेबलावरचा अर्धा कापलेला लांबट पाव पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो धंद्याच्या सवयीने उजेडाकडे धरला.

"याला कुणीतरी चावलंय," त्यांनी निदान केलं. "कुशीत दोन खळगे आहेत बघ, ताई. शेजारी शेजारी. पण असे वाटोळे दात मी जन्मात पाहिले नाहीत. जबडा मोठा असणार."

"हत्तीला दाढ दुखत असेल तर पाठवते तुमच्याकडे," घारूताई म्हणाल्या. त्यांनी मात्र पाव हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि मग मुलाला विचारलं, "इथे आल्यावर ट्रेलरमध्ये कोण कोण आलं?"

"आईने कुलूप उघडलं आणि ती बाहेर खुर्च्या मांडायला लागली. मी भुकेला होतो, आत येऊन दोन-चार स्लाइस खाल्ले, मग चाकांना ओंडके लावायला गेलो. ही कॅम्पच्या ऑफिसात नाव नोंदवायला गेली, तिथे रांग होती. ती परत आली तेव्हा आईचा शोध सुरू झाला होता." आई बाहेर गेली आहे हे बघून त्याने आवाज खाली आणला. "मावशी, माझी बायको असं करणार नाही. पण हे आईला कोण सांगणार? वर्गात उभं राहून बोलल्यासारखं वाटतं मला."

फाटकापाशी बाकावर सून बसली होती. मांडीवर बॅग, डोळे कोरडे. रडून झालं होतं बहुतेक.

"मी पेटीला हात लावलेला नाही," ती विचारायच्या आधीच म्हणाली. "बोलले ते बोलले मी. पण त्यांना त्रास होतो म्हणून बोलले. टाकून देईन मी? एवढी वाईट आहे का मी?"

"चष्म्याचं घर आणायला गेलीस तेव्हा आत कुणी होतं?"

"काका होते. सगळ्या खिट्या हलवून बघत होते. मला म्हणाले, 'सूनबाई, बोटीवर एक शिस्त असते. जड ते खाली, हलकं ते वर, आणि रिकामी जागा कुठेच सोडायची नाही. वरून काही डोक्यात पडलं तर मी समुद्रात, मला कोण बोलावणार?' माझं चष्म्याचं घर बाकावरच होतं. ते घेतलं आणि उतरले. काका माझ्यामागोमाग आले."

"हात रिकामे होते त्यांचे?"

"हो. दोन्ही हातांनी नमस्कार केला ना त्यांनी आईंना."

घारूताईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "पाचची बस पाचला येऊ दे. तू चढायची घाई करू नकोस."

परतताना डॉक्टर म्हणाले, "सरळ आहे, ताई. दिराने नेली. भावाची आठवण म्हणून. कोटाखाली लपवून."

"विटेसारखी जड पेटी कोटाखाली, आणि दोन्ही हात जोडून नमस्कार? डॉक्टर, तुम्ही दातच बघा."

ट्रेलरपाशी पोचले तेव्हा गॅसवाला सिलिंडर जोडून आत शिरला होता. गुडघ्यावर बसून त्याने लायटर हातात घेतला. "शेगडी ठीक आहे. ओव्हन दहा मिनिटं तापवून बघतो, मग सही करा."

"थांबा," घारूताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण गॅसवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. "आधी मला पाच मिनिटं बोलू द्या. तोवर ओव्हनला हात लावायचा नाही. बाई, बसा. चिरंजीव, तुम्हीही बसा, डोकं सांभाळून."

सगळे बसले. डॉक्टरांनी बसता बसता पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

"बाई, तुम्ही म्हणालात, चोर हलक्या हाताचा, म्हणून कप शाबूत राहिले. मला तिथेच खटकलं. चोर असेल हलक्या हाताचा, पण डोंगरातला रस्ता तर नाही ना? ही फळी गुळगुळीत आहे. बोट लावलं तरी कप भिंतीपर्यंत जातो. कपांशेजारी वीतभर जागा रिकामी असती, तर पहिल्या वळणालाच ते तिथे गडगडले असते आणि तुम्हाला इथे ठिकऱ्या मिळाल्या असत्या. म्हणजे इथे पोचेपर्यंत ती जागा रिकामी नव्हती."

"म्हणजे पेटी इथे आल्यावर गेली?" मुलाने विचारलं.

"किंवा पेटीच्या जागी दुसरं काहीतरी होतं. कपांना खेटून बसेल एवढं, आणि इथे आल्यावर कुणीतरी सहज उचलून नेईल असं. डॉक्टर, तुम्ही ते खाताय."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला.

"दोन रांगा, म्हणजे कडेला दोन कप. पावाच्या कुशीत दोन खळगे, कपाच्या पोटाएवढे. हा पाव पाच तास त्या कपांना रेटून बसला होता. ओव्हनमध्ये कप नव्हते. चिरंजीव, भुकेला होतात तेव्हा पाव कुठून काढलात?"

मुलगा गोंधळला. "वरून. एकेक दार उघडत गेलो, त्या कपाटात दिसला. घेतला, खिटी लावली. का?"

"कागदावर पाव ओव्हनमध्ये लिहिलाय."

"कागद कोण वाचतं?" तो म्हणाला आणि आईकडे बघून बाकावर मागे सरकला.

"यांना घरात कुठली वस्तू कुठे असते हे कधीच ठाऊक नसतं, त्यामुळे भलत्या जागी मिळाली तरी यांना नवल वाटत नाही. पेटी दिसत नाही हेही यांच्या लक्षात आलं नाही. पण कागदावर ओव्हनमध्ये लिहिलेला पाव वर गेला कसा? ज्या माणसाची शिस्त जड खाली, हलकं वर अशी आहे, त्याने पलंगावरच्या कपाटात विटेसारखी पेटी पाहिली. ही वहिनीच्या डोक्यात पडेल, असं त्याला वाटलं. त्याने ती काढली. रिकामी जागा सोडायची नाही, म्हणून तिथे तेवढ्याच मापाची हलकी वस्तू बसवली. म्हणजे पाव. आणि ज्या जागेतून पाव निघाला, तिथे..."

हेडबाईंचे डोळे हळूहळू गॅसवाल्याकडे वळले, मग त्याच्यासमोरच्या काळ्या दाराकडे.

"भावोजींनी कुणाला सांगितलं का नाही?" त्यांनी दारावरची नजर न हलवता विचारलं.

"त्यांना सांगायची गरजच वाटली नाही. तुमच्या कागदाप्रमाणे पाव ओव्हनमधूनच निघायचा. पोचल्यावर पहिली भूक लागली की कुणीतरी ओव्हन उघडेल, पेटी समोर दिसेल. त्यांचा हिशोब बरोबर होता. तुमचा मुलगा त्यात बसला नाही, एवढंच. आणि तुम्ही सगळं उपसलंत, ओव्हन तेवढा सोडलात. कारण पाव टेबलावर होता. पाव बाहेर म्हणजे ओव्हन रिकामा, हे तुम्ही बघायच्या आधीच ठरवलं होतं. उघडा, बाई. तुम्हीच उघडा."

गॅसवाला बाजूला सरकला. बाईंनी दार ओढलं. लोखंडी पट्ट्यांचे कोपरे आतून चमकले. पेटीभोवती एक पंचासुद्धा नीट दाबून बसवलेला होता, हलू नये म्हणून.

बाईंनी पेटी छातीशी धरली आणि तिथेच खाली बसल्या. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांत वितळली असती हो." गॅसवाल्याने लायटर गुपचूप खिशात टाकला. मुलाने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा बाईंचा रुमाल हलला.

"आता साडेचार होऊन गेले," घारूताई म्हणाल्या. "फाटक लांब आहे."

बाई उठल्या. मुलगा बरोबर निघाला तर त्यांनी त्याला थांबवलं. चाळीस वर्षं त्यांनी इतरांकडून चुका कबूल करून घेतल्या होत्या. स्वतःची करायला त्या एकट्याच गेल्या, पेटी काखेत मारून.

सून उभी राहिली. बाईंनी वाटेत जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "तू नव्हतीस. मी चुकले गं. फार वाईट बोलले तुला. जाऊ नकोस."

सुनेने बॅग पायाशी ठेवली. मग म्हणाली, "आई, मी बाबांना पाहिलंच नाही. लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते. तुम्ही रोज दार लावून घेता. मी बाहेर बसते आणि तुमचं रडणं तेवढं ऐकू येतं. मला एकदाही आत बोलावलं नाहीत."

हे बाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या बाकावर बसल्या, सुनेला शेजारी बसवलं, पेटी दोघींच्या मध्ये ठेवून उघडली आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

आधी खरखर झाली. मग एक जाड, समाधानी पुरुषी आवाज आला. "एक, दोन, तीन. चालू आहे का हे? लाल दिवा तर लागलाय. मी आता माझ्या आवाजात काहीतरी चांगलं बोलणार आहे. तर... अगं ए, काहीतरी करपल्याचा वास येतोय. दूध बघ. मी नाही बघत, मी रेकॉर्ड करतोय."

सुनेच्या तोंडून हसू फुटलं. तिने चटकन हात तोंडावर नेला आणि घाबरून सासूकडे पाहिलं.

बाई कॅसेटकडे बघत होत्या. चार वर्षं त्यांनी हे रोज ऐकलं होतं, आणि त्यातला माणूस किती विनोदी होता हे पार विसरून गेल्या होत्या. त्यांचे ओठ थरथरले, मग खांदे, आणि मग त्या बाकावर हात आपटून हसायला लागल्या.

"भांडं घासायला दोन दिवस लागले गं मला," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी विचारतो, त्या दुधाची खीर का नाही केलीस?"