पालासीचा वाढदिवस

"पळ, कुनुक, पळ! सेवेरिनकाका कागद घेऊन आलाय!"

नुकाकाने ओरडत ओरडतच उतार गाठला. मागून तिचा दहा वर्षांचा भाऊ कुनुक एका बुटात पळत होता. दुसरा बूट चिखलात अडकला होता, पण बहिणीला थांबायला सांगण्यात अर्थ नव्हता.

सेवेरिन म्हणजे इलुलिसात या बर्फाळ गावचा कुत्रेवाला साहेब. गावात माणसांच्या बरोबरीने कुत्रे, आणि नियम एकच: मोठा कुत्रा साखळीशिवाय दिसला की गोळी. नियम तसा बरा होता, कारण मोकाट सुटलेली कुत्री लहान पोरांवर धावतात. पण आज सेवेरिन ज्याच्यासमोर उभा होता तो पालासी होता!

पालासी म्हणजे पाद्री. आजोबांच्या स्लेजचा हा पुढारी कुत्रा. चेहरा इतका सोज्वळ, की पिल्लू असतानाच हे नाव पडलं. दोनदा त्याने आजोबांना हिमवादळातून घरी आणलं होतं. आता म्हातारा झाला होता, आणि खाडीकाठच्या खडकावर साखळीला बांधलेला बसून पाण्यातले हिमनग मोजायचा.

"चार दिवसांत कारोलिनेचे बावीस हॅलिबट मासे गेले," सेवेरिन म्हणाला. "खालच्या वलांडीवर वाळत घातले होते. आणि काल ह्याच्या तोंडात एक सापडला!"

"पण तो बांधलेला होता ना!" नुकाका म्हणाली.

"तेच तर! हा पट्ट्यातून मान काढतो, खाली जातो, मासे खातो आणि परत येतो."

"आणि स्वतःच पट्टा घालून घेतो?" कुनुकने विचारलं.

सेवेरिनने पट्ट्याकडे पाहिलं. "हुशार कुत्रा आहे," तो म्हणाला, आणि कागदावर लिहिलं: चोराचं नाव, पालासी. साखळी, सैल. "शुक्रवारपर्यंत मुदत. वाईट मलाही वाटतं हो, पण नियम म्हणजे नियम."

आजोबा कुत्र्याशेजारी बसले. त्यांनी पालासीच्या कानामागे खाजवलं, आणि बराच वेळ खाजवतच राहिले.

आज बुधवार होता.

दोघं तडक वलांडीपाशी गेली. पाण्यालगत चार उभे खांब, त्यांवर आडव्या काठ्या, आणि काठ्यांवर हॅलिबट. वरच्या काठीवरचे मासे जागेवर होते. खालच्या दोन काठ्या रिकाम्या.

"म्हाताऱ्या कुत्र्याने बावीस मासे खाल्ले असते तर त्याच्या पोटाचा फुगा झाला असता," नुकाका म्हणाली. "अरे, तू काय करतोयस?"

कुनुक खांब चाटत होता.

"शी!"

"खारट आहे! आणि माझ्या छातीपर्यंत ओला! पाऊस तर पडलेला नाही, आणि भरतीचं पाणी इथपर्यंत येत नाही. वर बघ!"

आडव्या काठीवर समुद्राच्या शेवाळाची लांबलचक पट्टी लोंबत होती.

"मासे खाऊन झाल्यावर पालासीने तोरणही बांधलं वाटतं," नुकाका म्हणाली.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. दोघं खडकामागे दबली. हॉटेल ध्रुवताराचे व्यवस्थापक प्रेबेनसाहेब बोटीतून येत होते. तीन महिन्यांपूर्वी कोपनहेगनहून आले, आणि पाच दिवसांपूर्वी त्यांना कल्पना सुचली: रोज चार वाजता पाहुण्यांना दहा हजार वर्षं जुन्या बर्फाचं सरबत! त्यांनी बोटीला दोर बांधून झोपडीएवढा बर्फाचा तुकडा ओढत आणला होता. लाटा नसलेली शांत जागा म्हणून याच वळणात. मग करवत काढली आणि घर्रर्र! एकाच बाजूने कापत सुटले. बादली भरली, दोर सोडला, आणि शीळ वाजवत निघून गेले.

"एकाच बाजूने!" कुनुक पुटपुटला. "माझा तीन वर्षांचा मामेभाऊसुद्धा असं करणार नाही."

"वर! खडकावर चल!"

ती वर पोचतायत तोच बर्फाने एक कण्हल्यासारखा आवाज काढला, सावकाश कूस बदलली, आणि धडाम! पाणी उसळलं. लाट वलांडीवर चढली आणि तीन मासे घेऊन गेली. चौथा उडून नेमका पालासीच्या पायांशी पडला. पालासीने इकडेतिकडे पाहिलं, आणि देवाने दिलेलं नाकारायचं नाही म्हणून खाल्ला.

"सेवेरिनकाकाला सांगू या!"

सांगितलं. सेवेरिन पोट धरून हसला. "बर्फ मासे चोरतो? उद्या म्हणाल, देवमासा दुकान फोडतो!" मग ती प्रेबेनसाहेबांकडे गेली. त्यांनी दोघांच्या हातात एकेक बिस्कीट ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"मोठ्यांना दाखवायचं तर त्यांना तिथे आणायला हवं," नुकाका म्हणाली.

"मोठे कशाला येतात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काफेमिक!"

काफेमिक असेल तर दार उघडं, येईल त्याला कॉफी आणि केक. पोराचा पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, कारण कुठलंही चालतं. आणि सेवेरिनने आयुष्यात एकही काफेमिक चुकवला नव्हता.

गुरुवारी दुकानाच्या दारावर चिठ्ठी लागली: "पालासीचा अकरावा वाढदिवस. आज तीन वाजता, खाडीकाठच्या वरच्या खडकावर. सर्वांनी यावे."

सगळे आले! कारोलिनेमावशी मनुकांचा केक घेऊन आल्या. चोर असला तरी वाढदिवस तो वाढदिवस. सेवेरिन तिसरा तुकडा उचलताना जरा अवघडला. "ज्याला उद्या... त्याच्याच..."

"घ्या हो काका, तो काही मनावर घेत नाही," कुनुक म्हणाला.

तीन वाजून दहा मिनिटांनी इंजिन वाजलं. आजचा बर्फ दोन झोपड्यांएवढा होता.

"साहेब, नका कापू! उलटेल!" नुकाका जिवाच्या आकांताने ओरडली. सगळा खडक हात हलवू लागला. प्रेबेनसाहेबांना वाटलं, केवढे प्रेमळ लोक! त्यांनीही हात हलवला आणि करवत चालू केली.

बर्फ कण्हला.

"अरे देवा," सेवेरिन म्हणाला. तोंडात केक होता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

धडाम!

पाणी उसळलं, बोट वर उचलली गेली, आणि लाट ओसरली तेव्हा ती चार खांबांच्या मधोमध अलगद बसलेली होती. आत प्रेबेनसाहेब, डोक्यावर बादली, खांद्यावर हॅलिबट. कारोलिनेमावशींच्या वलांडीवर आज हॉटेलचा व्यवस्थापक वाळत होता!

आणि पालासी? सगळ्या गावादेखत, पट्टा गळ्यात, साखळी घट्ट, जागच्या जागी जांभई देत होता.

हसणं थांबायला बराच वेळ लागला. मग कारोलिनेमावशी कमरेवर हात ठेवून खाली उतरल्या. "काही लागलं तर नाही ना, साहेब? नाही? मग उद्या पहाटे बोटीवर या. सव्वीस हॅलिबट पकडायचेत. आजचे वेगळे!"

आजोबांनी दोन्ही नातवंडांना जवळ ओढलं. "पन्नास वर्षं बर्फ बघतोय मी. पण खांब चाटून बघायचं मला सुचलं नाही. शाबास!"

सेवेरिनने घसा साफ केला, खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पालासीचं नाव खोडून नीट अक्षरात लिहिलं:

चोराचं नाव, हिमनग. साखळी, नव्हती.

"आता काय, गोळी घालणार?" कुनुकने विचारलं.

सेवेरिनने खाडीकडे पाहिलं. तिथे हजारभर हिमनग मोकाट फिरत होते.

"आधी केक संपवू," तो म्हणाला आणि वळला. बशी रिकामी होती. शेजारी पालासी बसला होता, अगदी सोज्वळ चेहऱ्याने, मिशांना मनुका लावून.