कोपीची पर्णकुटी

करंजी घाटात एसटी अशी काही वळली, की शेजारच्या तरुणाच्या हातातला मोबाईल थेट अर्शीच्या मांडीवर येऊन पडला. परत द्यायला तिने तो उचलला… आणि तिचा हात तिथंच थांबला.

पडद्यावर तिचाच गेम होता! गाव वसवायचा गेम, सगळ्यांना फुकट. ज्याला वाटेल त्यानं आपल्या भाषेत आणावा असा. चार महिने शिकवण्या सांभाळून तिने त्यातली दोन हजार वाक्यं मराठीत केली होती. मजुराच्या झोपडीला तिने शब्द दिला होता – कोपी. इथं लिहिलं होतं, ‘पर्णकुटी’.

“हे कुणी केलं?”

“काय?” तो दचकला.

“पर्णकुटी! आणि मोळीचं काष्ठभार?”

“मी.” तो हसला. गालाला खळी पडली, तिचा तर अर्शीला जास्तच राग आला. “मराठीच्या फायली मीच तपासतो, कंपाईल करून गेममध्ये घालतो. मी आदिल, भिंगारचा. तुम्ही…?”

“ए. शेख. तिसगाव.”

आदिलचं हसू विरलं. “ए. शेख तुम्ही? मला वाटलं, कुणी रिटायर्ड मास्तर असतील. मेसेजमध्ये केवढं चिडता!”

“मास्तर असते तर छडी घेऊनच आले असते!” पुढच्या सीटवरच्या बायका वळून बघायला लागल्या, तरी तिचा आवाज उतरेना. “माझ्या अम्मीनं अकरा हंगाम ऊस तोडलाय. कोपीत जन्मले मी. पर्णकुटीत ऋषी राहत्यात, ऊसतोडीची माणसं न्हाई! शाळेत बाई म्हणायच्या, तुझं मराठी नीट कर. आता तुमी बी तेच?”

भिंगार आलं, तो उतरला. तिला पुढे नगरला जायचं होतं, तरी ती त्याच्या मागोमाग उतरली. भांडण अर्धं सोडायची तिला सवयच नव्हती.

बाजारातल्या चहाच्या हॉटेलात त्याने लॅपटॉप उघडला. ती उभीच राहिली.

“माझे शब्द परत घाला. आत्ता. माझ्यासमोर.”

त्याने मुकाट्याने तिची मूळ फाईल घेतली आणि कंपाईल करायला लावली. धडाधड लाल ओळी उमटल्या. त्रेचाळीस चुका.

“काय केलंत तुम्ही!”

“मी नाही. वाक्यात आकडा यायच्या जागी टक्क्याची खूण लागते. ती तुमच्याकडून सुटलीय. मग फाईल तयारच होत नाही.”

“मग इतके दिवस कशी होत होती?”

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. “मी… भरत होतो.”

“सांगितलं का नाही?”

“तुम्ही चिडून काम सोडाल, असं वाटलं.”

“आणि शब्द बदलल्यावर चिडणार नव्हते?”

“कोपी मला माहीतच नव्हती. विचारायला हवं होतं तुम्हाला. चुकलो.”

एवढं सरळ कबूल केल्यावर भांडायचं तरी कसं? ती धपकन बसली. आता राग स्वतःचाच येत होता. ती ओळी वाचत गेली, तो खुणा भरत गेला. दोन्ही कप गार झाले. निघताना तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, त्याचा नंबर घेतला – परत काही बदललं तर भांडायला.

बुधवारी गेमची चाचणीची प्रत आली. कोपी होती, मोळी होती. पण तीन ठिकाणी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’! तिने तडक फोन लावला.

“डोळे हायेत का न्हाईत तुमाला?”

“आहेत. त्या तीन ओळी माझ्याच आहेत… मुद्दाम चुकवल्यात.”

“मुद्दाम?”

“तुम्ही फोन कराल म्हणून.”

“सरळ फोन करता येत न्हाई?” ती कडाडलीच.

“करून काय सांगणार होतो? चूक काहीच नाही, तरी तुमचा आवाज ऐकायचाय… असं?” तो अडखळला. “अर्शी, आवडता तुम्ही मला.”

तिचे कान गरम झाले. मघाचा राग तिने आत चाचपून पाहिला. थोडासाच उरला होता, तोच पुरवून वापरला.

“पयलं त्या ओळी नीट कर. आन् शुक्रवारी तिसगावला ये. जे काय हाय ते अम्मीसमोर बोल.”

पलीकडून हळूच आवाज आला, “तुम्ही मला ‘तू’ म्हणालात…”

“व्हय, म्हनले!” ती फणकारली. “आन् तू बी म्हन आता!”