मराठीची एकच जागा

पहिल्याच दिवशी साक्षीनं त्याला झापलं! श्रावणसर भुरभुरत होती. बैलगाडीतून तिच्या बंद झालेल्या शाळेचे बाक तेलंगणातल्या बेला गावाजवळच्या मोठ्या शाळेत आले होते, आणि बाह्या दुमडलेला एक तरुण ते धडाधड उतरवत होता.

"अहो भाऊ, हळू! सरकारी बाक आहे, घरचा पाट नव्हे."

"चुकलं, बाई," तो हसला. "मी इथलाच मराठीचा मास्तर, धम्मपाल. पाट बी हाय घरी… या ना जेवाले!"

साक्षीचे कान तापले.

दोन शाळांची एक झाली खरी, पण साक्षीही मराठीचीच बाई, आणि मराठीची जागा एकच राहिली. धम्मपाल नोकरीत नवा, म्हणजे बदली होऊन जाणार तोच. हे ठाऊक असूनही गडी रोज तिच्या स्कुटीचा चिखल पुसायचा.

"काऊन पुसता, सर?"

"राग काढून राह्यलो. तुमच्यावर निघत नाई… मंग गाडीवर काढतो."

आता सांगा, अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होईल?

दसऱ्यानंतर हुकूम आला. धम्मपालची बदली लांब नार्नूरच्या शाळेत. अंथरुणाला खिळलेल्या आईला तो सोबत नेणार होता.

"साक्षी… लग्न करू," व्हरांड्यात तो हळूच म्हणाला. "नवरा-बायकोले जवळजवळ जागा मागता येते. तिकडं अजून एक रिकामी हाय."

"बदलीसाठी लग्न?"

"लग्नासाठी बदली, येडे!"

ती हसली, आणि हसता हसता रडली. मनात तर हो म्हणून मोकळी झाली होती.

संध्याकाळी शाळा समितीच्या अध्यक्ष ताराबाई कापूस वेचून थेट तिच्या दारात आल्या. "बाई, तुमी बी गेल्या तं नवा मास्तर कोण देते? मराठीचा वर्गच बंद होईन. माही नात आत्ता कुठं वाचाले लागली."

साक्षीला जुने दिवस आठवले. तिची शाळा बंद पडली तेव्हा दोन मुली इथवर पोचल्याच नव्हत्या, कापूस वेचायला गेल्या होत्या.

तो निघाला त्या सकाळी बस स्टँडवर तिनं त्याला सांगून टाकलं, "मी येत नाही."

"मी आवडत नाई म्हण… जाणं सोपं होईन."

"लई आवडता हो! पण मी आले तं पोरं उघडी पडतीन."

"मंग थांबू?"

"नका थांबू, नोकरी जाईन. अन् आईजवळ घरात कोणीतरी पाहिजे, मी इथून नाई पुरी पडणार."

बस गेली. पाहत राहण्याशिवाय तिच्या हातात काही नव्हतं.

उन्हाळ्यात त्याच्या लग्नाला शाळेतले सगळे गेले. नवरी भोळी, गोड पोर. साक्षीचा हात धरून म्हणाली, "बाई, इकडंच या ना! मराठीची जागा रिकामीच हाय म्हणतात."

धम्मपाल खाली पाहत राहिला.

"नाही जमत गं," साक्षी म्हणाली, आणि तिच्या ओंजळीत फुलं ठेवली.

परतीच्या बसमध्ये मात्र बांध फुटला. ताराबाईंच्या खांद्यावर ती ढसाढसा रडली.

"चुकलं का माह्यं, बाई?" ताराबाईंनी घाबरून विचारलं.

साक्षीनं नकारार्थी मान हलवली. रडणं काही थांबलं नाही.