तळघराची बुजवलेली खिडकी

तळघरातल्या भाडेकरू ग्रासिएतने पडदा सारला. काचेपलीकडे उजेड नव्हता. सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत होती.

"काल जत्रेला निघालीस तेव्हा नव्हती ना?" आर्किटेक्ट लुर्देसने विचारलं.

"नाही हो! रात्री येऊन झोपले, सकाळी पाहते तर हे."

लुर्देस बाहेर जाऊन खिडकीपुढच्या खड्ड्यात उतरली. ठोकळ्यांमधला सिमेंटचा माल अजून ओलसर होता. सांध्यांत तो चमच्याच्या पाठीने दाबलेला दिसत होता. ही धंदेवाईक गवंड्याची रीत नव्हे.

टोरांटोतल्या पोर्तुगीज वस्तीत, रॉजर्स रोडवरचं हे तळघर घरमालक आल्बेर्तिनोने परवानगी न घेताच भाड्याने दिलं होतं. पालिकेची नोटीस आली तेव्हा त्याची धावाधाव झाली. लुर्देसने नकाशे काढले, आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी बसवून घेतली. दुपारी तपासनीस येणार होता. खिडकी नाही, तर परवानगी नाही. आणि शिवणकामावर पोट भरणाऱ्या ग्रासिएतला घर सोडावं लागणार होतं.

आल्बेर्तिनोचा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता.

"काका, तुम्ही जन्मभर गवंडीकाम केलंत."

"खांद्याचं ऑपरेशन झालंय, पोरी. जेवायचा काटा धरवत नाही, ठोकळे कुठले उचलतो?"

शेजारच्या झेफेरिनोला त्याच्या कुंपणालगतचा खड्डा पहिल्यापासून खुपत होता.

"खुपतो, सरळ सांगतो," तो म्हणाला. "पण काल दिवसभर जत्रेच्या मिरवणुकीत देवावरच्या छत्राचा दांडा माझ्या खांद्यावर होता. अख्ख्या वस्तीने पाहिलंय. आणि सिमेंट काय फुकट येतं?"

राहिली आल्बेर्तिनोची बायको देओलिंदा. ती वरच्या मजल्यावरच्या चकचकीत स्वयंपाकघरात बसली होती. शेगडीवर विणलेलं पांढरं कापड होतं. ओव्हनच्या काचेवर कंपनीचं लेबल तसंच होतं.

"मावशी, तुम्ही जत्रेला नव्हतात?"

"मेला माझा गुडघा! दिवसभर इथंच होते, या शेगडीवर खारवलेला मासा तळत."

"खाली काही आवाज?"

"तेलाच्या चरचरीत काय ऐकू येतंय? बाप गवंडी, नवरा गवंडी, ठोकाठोकीकडे मी लक्षच देत नाही. आणि त्या बाईचा एवढा पुळका कशाला गं? खालचं स्वयंपाकघर माझं, पातेली माझी, आणि तिचं सूप पिऊन मिशा पुसत वर येतो तो नवराही माझाच!"

लुर्देसने सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. तिथं देओलिंदाची काजळलेली शेगडी होती. शेजारची बादली तळाशी करडी झाली होती.

"आपल्या लोकांत वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला," लुर्देस म्हणाली. "रांधायचं तळघरात. ते भाड्याने गेल्यापासून मावशी इथं रांधतात, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. मग कालचाच मासा वर कसा तळला? त्या पांढऱ्या कापडावर तेलाचा थेंब नाही. मावशींनी गॅरेजचं नाव टाळलं, कारण काल इथं मासा नाही, सिमेंट कालवलं गेलं. गवंड्याच्या लेकीला भिंत रचता येतेच. थापीऐवजी हाताशी होता तो चमचा."

आल्बेर्तिनोने आ वासला. देओलिंदा मात्र ताठ उभी राहिली.

"हो, मीच! माझ्या सुपाला जन्मात चांगलं म्हणाला नाही हा. हिच्याकडे मात्र बोटं चाटतो. जळफळाट होतो माझा! जाऊ दे म्हटलं हिला इथून."

ग्रासिएत हळूच म्हणाली, "मावशी, ते सूप तुमचंच आहे. मी राहायला आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत. काका रोज पितात आणि रोज म्हणतात, देओलिंदाच्या हाताची सर नाही."

देओलिंदा नवऱ्याकडे वळली. 

"हे हिला सांगतोस? मला का नाही?"

"तुला... ठाऊक असेल, वाटलं."

"नव्हतं!"

तिने भिंतीवरचा हातोडा उचलला.

"चल खिडकीकडे. फोडायचं काम माझं. तू शेजारी उभा राहा आणि माझ्या सुपाबद्दल बोल. तपासनीस येईपर्यंत थांबायचं नाही."