डिस्कमधली दुसरी खोली

अंबाझरीला जायचा बेत पुन्हा मोडला. सायकलींत हवा भरून झाली होती आणि शेजारची तारा डबा घेऊन फाटकाशी उभी होती. तेवढ्यात पुष्पलताबाईंनी चपला घालता घालता सांगितलं की ऑफिसातला कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस येणार आहे. त्यांना दिवसभर तिथंच बसावं लागणार होतं, आणि पोरांना तळ्यावर एकटं सोडायला त्यांचा जीव धजत नव्हता.

"तुम्हीही चला," त्या म्हणाल्या. "तिथं एसी तरी आहे."

१९८९ सालचा मे महिना होता. नागपूरच्या उन्हात सकाळी नऊ वाजताच डोळे दिपत होते. तिघांनीही फारशी कुरकुर केली नाही. पुष्पलताबाईंची मुलगी चारुशीला नुकतीच आठवी पास झाली होती, तारा तिच्याच वर्गात होती आणि चारुशीलाचा भाऊ वसंत सहावीत होता. घरून, इंदोऱ्याहून सदरच्या ऑफिसला बसनं जाताना वसंत खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.

पुष्पलताबाई ज्या ऑफिसात काम करत, ते छोटंसं होतं. मनोहरराव नावाच्या गृहस्थांनी ते काढलं होतं. कोळसा खाणींची मोजणी करायची आणि नकाशे तयार करायचे, हे तिथलं काम. मागच्या खोलीत कॉम्प्युटर होता. त्याला धूळ आणि उन्हाळा सोसत नाही म्हणून एसी बसवला होता, आणि त्या कृपेनंच सुटीभर मुलं तिथं येऊन बसत.

गेलं दीड वर्ष पुष्पलताबाई त्या यंत्रात एकाच खाणीची मापं भरत होत्या. कन्हानजवळची ती जुनी खाण होती. इंग्रजांच्या काळात खोदलेले तिचे बोगदे आता पाण्यानं भरलेले होते. ते कुठून कुठे जातात हे कापडावर काढलेल्या जुन्या नकाशांत होतं, आणि त्या नकाशांना वाळवी लागली होती. काही तर हात लावताच भुगा होत. बाईंनी भिंग धरून त्यांतलं एकेक वळण वाचलं आणि यंत्रात भरलं. ही मापं बघूनच खाणीतला नवा रस्ता कुठून न्यायचा हे ठरणार होतं. चारुशीलाचा नत्थूमामा त्याच खाणीत कामाला होता.

एकदा तारानं विचारलं होतं, की नकाशाचा जो भाग वाळवीनं खाल्ला, तिथं काय समजायचं. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तिथं काहीच नाही असं समजायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिथं पाणी आहे असं समजायचं."

दुरुस्तीला आलेल्या माणसाचं नाव रविंद्र होतं. पंचविशीचा असेल. सकाळपासून त्याच्या स्कूटरनं अर्धं नागपूर पालथं घातलं होतं. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता आणि बोलताना त्याला जांभया येत होत्या. यंत्र सुरू होत नव्हतं, म्हणून सिस्टीम पुन्हा टाकावी लागेल, असं तो म्हणाला. पिशवीतून त्यानं स्वतःच्या फ्लॉप्या काढल्या. पुष्पलताबाईंनी त्याला बजावून सांगितलं की डिस्कचे दोन भाग आहेत. सी वर सिस्टीम आहे, ते खुशाल पुसा. पण खाणीची सगळी मापं डी वर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही. फ्लॉप्या आणून प्रत काढू, असं मनोहरराव दर आठवड्याला म्हणत आणि दर आठवड्याला विसरत.

रविंद्रनं मान हलवली. ऐकलं की नाही कोण जाणे.

दुपारी यंत्र सुरू झालं, पण डी काही सापडेना. बाईंनी पुन्हा पुन्हा ते अक्षर दाबलं. प्रत्येक वेळी यंत्रानं सांगितलं की असा भागच नाही.

रविंद्रनं डिस्कची विभागणी दाखवणारा पडदा उघडला. पहिला भाग सी होता. दुसऱ्यापुढे 'नॉन-डॉस', म्हणजे डॉस या सिस्टीमचा नसलेला, असं लिहिलेलं होतं.

"हा काहीतरी फालतू कचरा आहे ताई," तो म्हणाला. "डी तुमच्याकडूनच आधी उडाली असेल. उद्या दहा वाजता मी एक फ्लॉपी आणतो. अख्खी डिस्क मुळापासून साफ करू, मग काही झंझट राहणार नाही."

मनोहरराव चंद्रपूरला गेले होते. बाईंनी त्यांना फोन लावला, तर त्यांनी इंजिनिअर सांगेल तसं करा, एवढं सांगून ठेवून दिला. बाई खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. आईला असं बसलेलं वसंतनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तिला पाणी आणून दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

रविंद्र गेल्यावर चारुशीलानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. सुटीत रोज सकाळी ती आईशेजारी बसून ते सुरू होताना पाहत असे. त्याला वेळ लागे, आणि दुसरं बघायला काही नसे. पडद्यावर सिस्टीमचं नाव आणि तिचा आकडा उमटला. तिनं डोळे बारीक केले.

"तारा, हा आकडा बदलला वं. आधी तीन पॉइंट तीस यायचा. आता वीस आहे."

"मग? दहानं कमी झाला, एवढंच ना?"

"म्हणजे त्यानं जुनी सिस्टीम टाकली. जुनीले डी बघताच येत नसेल तर?"

तारानं पडद्याकडे वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे नॉन-डॉस म्हणजे कचरा नाही. त्याले वाचता नाही आलं, एवढंच."

"आई म्हणते तसं," चारुशीला म्हणाली. "तिथं पाणी आहे असं समजायचं."

त्यांनी हे बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या थोड्या सरळ बसल्या. तसं असेल तर खात्री करायचा सोपा मार्ग होता. डिस्कला हातही न लावता तीन पॉइंट तीसच्या मूळ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचं आणि डी दिसते का ते बघायचं. पण यंत्राबरोबर आलेल्या मूळ फ्लॉप्या मनोहररावांनी त्यांच्या एका मित्राला, केशवरावांना, दिल्या होत्या. केशवराव हिंगण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळत. त्यांना कितीदा फोन केला, तरी लागला नाही.

ताराचे वडील रुपराव त्याच कारखान्याची बस चालवत.

रात्री जेवताना मुलांनी बेत सांगितला, तेव्हा बाईंनी ना म्हटलं नाही. ना म्हणण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ऊन लागू नये म्हणून डोक्याला ओढणी बांधा आणि खिशात कांदा ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. वसंतनं मात्र आईबरोबर ऑफिसात थांबायचं आणि माणूस आलाच तर त्याला काहीतरी करून अडवायचं, असं ठरलं.

"कसं अडवू?" त्यानं विचारलं.

"तुझं तू बघ गा," तारा म्हणाली.

पहाटे दोघी बसमध्ये चढल्या. पहिल्या पाळीचे कामगार डुलक्या घेत होते. चारुशीलानं रिकामा स्टीलचा डबा आणि टॉवेल घेतला होता. उन्हात फ्लॉपी वाकडी होते, हे तिला ठाऊक होतं.

केशवराव भले गृहस्थ होते, पण त्यांना काही आठवत नसे. कसल्या फ्लॉप्या, मनोहररावांना तर कधीच परत केल्या, असं ते ठामपणे म्हणाले. कपाटातही काही निघालं नाही. बाहेर रुपरावांनी हॉर्न वाजवला. रात्रपाळीची माणसं बसमध्ये बसली होती आणि त्यांना घरी जायचं होतं. चारुशीलाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेवढ्यात तारानं टेबलावरच्या टेलिफोनकडे बोट दाखवलं. टेलिफोन जरा उंचावर दिसत होता. त्याच्याखाली पुठ्ठ्याची चपटी खोकी होती.

"हां, त्याच त्या," केशवराव ओशाळून म्हणाले. "टेबल ठेंगणं पडतं, म्हणून फोनला जरा टेकू दिला होता."

चारुशीलानं खोकी अलगद ओढून काढली. टेलिफोनच्या घंटीत चुंबक असतो आणि चुंबकानं फ्लॉपी पुसली जाते. ते तिनं ताराला बसमध्ये बसल्यावर सांगितलं. फ्लॉप्या चालतील की नाही हे आता कुणालाच माहीत नव्हतं. टॉवेलात गुंडाळून तिनं त्या डब्यात ठेवल्या आणि डबा मांडीवर घट्ट धरला.

अर्ध्या रस्त्यात बस तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि रुपरावांनी ती बाभळीखाली उभी केली. जवळपास नळ नव्हता. रात्रभर उभे राहून आलेले कामगार खाली उतरले आणि सावलीत बसले. कुणी तक्रार केली नाही. रुपरावांनी सांगितलं की पोरींना दहाच्या आत सदरला पोचायचं आहे. नाहीतर यांच्या आईचं दीड वर्षाचं काम जाणार.

एक पिकलेल्या मिशांचे कामगार उठले. त्यांनी आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी रुपरावांच्या हाती दिलं. मग दुसऱ्यानं दिलं. कुणाकडे घोटभर होतं, कुणाकडे पाव बाटली. इंजिन निवल्यावर ते सगळं पाणी रेडिएटरमध्ये गेलं आणि बस निघाली. पुढच्या वळणापर्यंत ती माणसं पुन्हा झोपली होती, ओठ कोरडे ठेवून.

इकडे ऑफिसात रविंद्र वेळेआधीच आला होता. आज त्याला आणखी चार ठिकाणी जायचं होतं. मुली येईपर्यंत थांबा, असं पुष्पलताबाईंनी सांगून पाहिलं. त्यानं हात जोडले. त्यालाही वरून बोलणी बसत होती. त्यानं आपली फ्लॉपी घालून यंत्र सुरू केलं. सगळी डिस्क पुसू का, हो किंवा नाही दाबा, असा प्रश्न पडद्यावर आला.

त्यानं 'हो' दाबण्याआधी कपाळाचा घाम पुसला आणि कोपऱ्यातल्या माठाकडे पाणी प्यायला गेला.

वसंतनं यंत्राच्या तोंडावरचं कुलूप कधीच हेरलं होतं. ते फिरवलं की कीबोर्ड काम करत नाही, हे आईनंच त्याला दाखवलं होतं, त्यानं खेळता खेळता काही बिघडवू नये म्हणून. किल्ली त्यातच असायची. त्यानं ती फिरवली, काढली आणि मुठीत धरली.

रविंद्र येऊन बसला. बटण दाबलं. काही झालं नाही. त्यानं वायर काढून पुन्हा जोडली. कीबोर्ड उलटा करून आपटला. सगळी बटणं दाबून पाहिली. त्याच्या नाकासमोर कुलूप होतं, पण थकलेल्या माणसाला नाकासमोरचंच दिसत नाही. शेवटी त्यानं सुस्कारा टाकला आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला हात पुढे केला.

दार उघडलं. दोघी मुली धुळीनं माखलेल्या, लालबुंद, डबा घेऊन उभ्या होत्या.

"रविंद्रभाऊ, थांबा. आधी ही फ्लॉपी लावून पाहा," चारुशीला म्हणाली.

आकड्याची गोष्ट तिनं धापा टाकत सांगितली. रविंद्रनं डोळे मिटले. त्याला वेळ नव्हता आणि पोरांचे खेळ त्याला नको होते. तसं तो बोललाही. मग पुष्पलताबाई खुर्चीतून उठल्या.

"ते काम माझं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "जोवर मी हो म्हणत नाही, तोवर डिस्कले कोणी हात लावायचा नाही."

रविंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. वसंतनं गुपचूप किल्ली लावून कुलूप उघडलं. चारुशीलानं रविंद्रची फ्लॉपी काढली, आपली आत सरकवली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. तारानं तोंडावर हात ठेवला. पडद्यावर आकडा उमटला. तीन पॉइंट तीस.

बाईंनी डी दाबलं. या वेळी यंत्रानं नकार दिला नाही. त्यांनी यादी मागवली आणि पडद्यावरून नावं सरकू लागली. पूर्वेचा बोगदा, जुना विहीरकाठ, नदीकडची वाट. सगळं जागच्या जागी होतं.

पुष्पलताबाई हळूच खाली बसल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. रविंद्र भिंतीला टेकून फरशीवरच बसला. त्यानं स्वतःहून कबूल केलं की पिशवीत असतील त्या फ्लॉप्या त्यानं लावल्या होत्या. आकडा पाहिलाच नव्हता.

"मी ती पुसलीच असती," तो म्हणाला. "पोरांनो, तुम्ही मले वाचवलं."

मग त्यानं बाकीच्या चारही ठिकाणी फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं. आधी डी वरचं सगळं कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं आणि प्रत्येक फ्लॉपी उघडून पाहिली. डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, तेही कागदावर लिहून घेतलं. नंतरच त्यानं सी वर योग्य ती सिस्टीम टाकली. दुसऱ्या भागाला त्यानं बोटही लावलं नाही.

मनोहरराव दोन दिवसांनी आले. सगळं ऐकून ते रविंद्रला काही बोलले नाहीत, कारण प्रत न काढण्याची चूक त्यांची स्वतःचीच होती. नकाशा वेळेवर खाणीत गेला. नवा रस्ता ज्या बाजूनं खोदायचा विचार होता, तिकडेच पाण्याचा एक बोगदा निघाला, म्हणून रस्ता दुसरीकडे वळवला. नत्थूमामा मुद्दाम इंदोऱ्याला आला आणि त्यानं तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मनोहररावांनी मुलांना समोर बसवलं. अशी हुशार आणि धीराची पोरं आपण पाहिली नाहीत, असं ते म्हणाले. आणि मग विचारलं की बक्षीस काय हवं. वसंतनं तोंड उघडलं. त्याला क्रिकेटची बॅट हवी होती. चारुशीलानं त्याचा हात दाबला.

"आईले सुटी द्या," ती म्हणाली. "आठ दिवसांची."

मनोहररावांनी चारुशीलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिली. हे मलाच सुचायला हवं होतं."

सुटीच्या पहिल्या दिवशी ऊन चांगलं वर आलं, तरी पुष्पलताबाई पंख्याखाली झोपल्या होत्या. तिघं मुलं पायरीवर बसली होती. कुल्फीवाला घंटी वाजवत गल्लीत शिरला. वसंत धावत गेला आणि त्याचा हात धरून म्हणाला, "भाऊ, आज वाजवू नका. आई झोपून राहिली."